एक अंश उजवीकडे

बॉम्ब कुठे पडला हे मोजणं, एवढंच काम मी हवाई दलात एकोणीस वर्षं केलं. टाकणारे वेगळे असत. ते वर असत, तरुण असत, आणि त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येत. मी खाली एका सिमेंटच्या मनोऱ्यात बसून आकडा सांगत असे. भोईवाड्यात आमच्या चाळीत कोणी विचारलं की "दादा, तुम्ही विमान चालवता का?" तर आई माझ्याआधीच उत्तर द्यायची, "न्हाय, त्यो विमानवाल्यांचे पेपर तपासतो." इतकं नेमकं वर्णन मला स्वतःला कधी जमलं नाही.

काम सोपं आहे, समजावून सांगतो. दक्षिणेकडच्या एका तळापासून काही अंतरावर मोकळ्या माळावर आमची बॉम्बफेकीच्या सरावाची रेंज होती. मधोमध चुन्याने आखलेलं मोठं वर्तुळ, त्याच्या मध्यावर एक खूण. विमान उंचावरून तिरकं खाली झेपावतं, वैमानिक बटण दाबतो आणि लगेच विमान वर उचलतो. सरावाचा बॉम्ब हाताएवढा असतो. जमिनीवर आपटला की पांढरा धूर सोडतो, बाकी काही करत नाही. वर्तुळापासून साधारण एक किलोमीटरवर माझा मनोरा, आणि त्याच्याशी काटकोनात, वर्तुळापासून तेवढ्याच अंतरावर एक खोपटं. दोन्हीकडे अंशांची चकती लावलेली दुर्बीण. धूर दिसला की मी माझा अंश वाचायचा, खोपट्यातला माणूस टेलिफोनवर त्याचा अंश सांगायचा. समोर रेंजचा नकाशा काढलेल्या फळीवर दोन दोरे ताणायचे. ते जिथे एकमेकांना छेदतील तिथे बॉम्ब पडला. मग रेडिओवर वैमानिकाला सांगायचं, घड्याळाच्या भाषेत. विमान जिकडे तोंड करून येतं ती दिशा बारा. बॉम्ब पुढे गेला तर बारा वाजता, अलीकडे पडला तर सहा वाजता, आणि मध्यापासून इतके मीटर. हे सगळं दहा-बारा सेकंदांत. तेवढ्यात पुढचं विमान आलेलं असतं.

खोपट्यात बरीच वर्षं साळुंखे होता. कोल्हापूरकडचा, तोंडाळ, पण डोळा असा की धूर विरायच्या आत अर्धा अंशसुद्धा सांगेल. मी फावल्या वेळात पुस्तकं वाचत असे म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

आमच्याकडे परदेशी हवाई दलांचे लोक शिकायला येत. हे बाहेर फार कोणाला माहीत नसतं. एक एवढासा श्रीमंत देश होता, विमानं पुष्कळ आणि आकाश कमी. ते आपलं अख्खं पथक घेऊन दरवर्षी यायचे. त्यांच्याकडे मोजायला कॅमेरे होते. एकदा त्यांचा अधिकारी जिना चढून वर आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "तुम्ही सव्वीस सांगितलेत, आमच्या यंत्रात एकवीस आहे." मी म्हटलं, "चला, बघू." उन्हात चालत गेलो, टेप धरला. सव्वीस. त्याने मला सलाम केला, खरं तर त्याला गरज नव्हती. साळुंखे टेलिफोनवर सबंध दिवस म्हणत होता, "मास्तर, यंत्राला चष्मा लावा म्हणावं." त्या दिवसाचा अभिमान मी किती वर्षं जवळ बाळगला, ते आता सांगायला लाज वाटते.

आणखी एक आठवण सांगतो. रेंजवर कोणी नाही याची खात्री झाल्याशिवाय विमानाला परवानगी मिळत नसे. एकदा एक म्हातारी शेळ्या घेऊन थेट वर्तुळात येऊन बसली. वर चार विमानं घिरट्या घालतायत, आमचा जवान तिला हात जोडतोय, आणि ती म्हणते की इथलं गवत चांगलं आहे. चाळीस मिनिटांनी ती उठली तेव्हा इंधन संपत आल्यामुळे चारी विमानं परत गेली होती. आम्ही खूप हसलो. एका म्हातारीसाठी एक देश आपलं हवाई दल परत पाठवतो, ही गोष्ट हसण्यासारखी नाही हे तेव्हा कळलं नाही.

ज्याच्याबद्दल लिहायला बसलो त्याचं नाव मी इथे मिन ठेवतो. देशाचं नाव लिहीत नाही. पूर्वेकडचा एक बौद्ध देश, एवढं पुरे. त्यांचे सहा तरुण अधिकारी वर्षभराच्या प्रशिक्षणाला आले होते. प्रत्येकाला एक दिवस मनोऱ्यात बसून मोजणी बघावी लागे. मिन आला त्या दिवशी माझ्या टेबलावर पाली वंदनेची छोटी पुस्तिका होती. आमच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात ती होतीच. त्याला आपली लिपी येत नव्हती, पण मुखपृष्ठावरचं चित्र बघून त्याने हात जोडले आणि पहिल्या ओळी म्हणायला लागला. उच्चार आमच्यापेक्षा वेगळे, चाल वेगळी, पण शब्द तेच. मी पुढच्या ओळी म्हटल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी ही एक येत होती. एरवी आम्ही मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत बोलायचो. तो मला सर म्हणायचा. मी सांगून थकलो, "अरे, तू अधिकारी, मी वॉरंट ऑफिसर. सर मी तुला म्हणायचं." तो म्हणायचा, "येस, सर."

दिवाळीच्या रजेत बाकीचे पाच जण आग्र्याला गेले. मिनला मी भोईवाड्यात घेऊन आलो. आमची दहा बाय बाराची खोली, आई आणि मी. लग्न मी केलं नाही, त्यामुळे पाहुण्याला जागा होती. आईला मी आधीच बजावलं होतं की त्याच्यासाठी साधं काही कर, डाळभात. पण त्याला जिन्यातच वास आला. आत येऊन त्याने थेट तव्यात बघितलं. जवळा होता.

"ह्ये खातोस?" आईने विचारलं.

त्याने भाकरी घेतली आणि खाली बसला. तीन भाकऱ्या खाल्ल्या. त्याच्या घरीही सुकी मासळी लागते, तिच्याशिवाय जेवण होत नाही, असं त्याने सांगितलं. आई एकदम खूश झाली. "बघ," ती मला म्हणाली, "तुझ्या त्या साहेबलोकांना वास येतो. ह्यो आपल्यातला हाय."

समोरच्या खोलीतल्या काकी डोकावल्या. "मावशी, जपानचे पाहुणे काय?"

"जपानचा कशाला? आपल्या धम्माचा हाय."

संध्याकाळी खालच्या विहारात वंदना होती. आईने त्याला आपल्या शेजारी बसवलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं. त्याची चाल लांबते म्हणून आईने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली, "अरे, सगळ्यांच्या बरोबर म्हण." परत जिना चढताना तिने मला विचारलं, "ह्यो विमानातून खाली काय टाकतो रं?"

"धूर, आई. नुसता धूर. कोणाला लागत नाही."

"मग बरं," ती म्हणाली.

हे मी खोटं बोललो नव्हतो. आमच्या रेंजवर खरोखर धूरच होता.

मिन उत्तम उडवायचा, पण बॉम्बफेकीत कच्चा होता. जमीन जवळ यायला लागली की घाबरायचा आणि घाईने, उंचावरूनच बटण दाबायचा. त्यामुळे बॉम्ब नेहमी अलीकडे. सहा वाजता पन्नास, सहा वाजता साठ. माझ्या मनोऱ्यातून धूर कायम खुणेच्या डावीकडे दिसायचा. त्याला हे समजत होतं. भोईवाड्याहून परतताना त्याने मला सांगितलं की इथे नापास झाला तर त्याला पायदळात पाठवतील, सरहद्दीवरच्या डोंगरात. तिथे त्याचा थोरला भाऊ गेला होता, तो आला नाही. "सर," तो म्हणाला, "विमानात तरी मला कोणाचं तोंड दिसणार नाही."

ते वाक्य मी तेव्हा भीतीचं समजलो. त्यात आणखी काही होतं, ते मला ऐकू आलं नाही.

शेवटच्या परीक्षेत चार बॉम्ब टाकायचे असत आणि चारही आकड्यांची सरासरी तीस मीटरच्या आत यावी लागे. मिनने जीव तोडून तयारी केली होती. पहिला अठ्ठावीस. दुसरा तेहतीस. तिसरा सव्वीस. मी मनात बेरीज करत होतो, ते माझं काम नव्हतं. चौथ्याला बत्तीस आला तरी चालणार होतं. विमान खाली आलं, आणि मी बघितलं की तो पुन्हा घाबरला. धूर डावीकडे उठला. मी अंश वाचला, साळुंखेने त्याचा सांगितला, दोरे ताणले. सहा वाजता, अठ्ठेचाळीस.

एक किलोमीटरवर एक अंश म्हणजे सुमारे सतरा मीटर. मी माझा दोरा एक अंश उजवीकडे सरकवला. हाताला काहीच वेगळं वाटलं नाही, दोऱ्याला तेवढा ढिलेपणा असतोच. रेडिओवर म्हटलं, "सहा वाजता, एकतीस मीटर." वरून त्याचा आवाज आला, मोठ्याने, हसत, त्याच्या भाषेत. सरासरी साडेएकोणतीस.

साळुंखे चहाला मनोऱ्यात आला. पायरीवर बसून त्याने बिडी काढली, पेटवली नाही.

"काय मास्तर, डोळ्यात कचरा गेला काय?"

मी फळीवरचे दोरे सोडायला लागलो.

"न्हाय, मला काय त्याचं? पाव्हणा पास झाला, पाव्हण्याचं सरकार खूश, आपलं सरकार खूश. पर टेप घिऊन उन्हात चालत जाणारा माणूस तूच न्हवं?"

"पोरगा डोंगरात मरेल, साळुंखे."

"आन आता?" तो म्हणाला. "आता कोण मरंल?"

हा प्रश्न त्याने टोमणा म्हणून विचारला होता. तो तेवढ्यावर उठला आणि पुन्हा त्याने विषय काढला नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तो गेला. त्या चौथ्या बॉम्बचा धूर माझ्याशिवाय बघितलेला तो एकटाच होता.

मिन प्रमाणपत्र घेऊन परत गेला. जाताना आईसाठी त्याने चंदनाची छोटी मूर्ती पाठवली. मी पुढे निवृत्त झालो, भोईवाड्यात आलो. चाळ पडून तिथे उंच इमारत झाली, आम्हाला चौदावा मजला मिळाला. मिनची पत्रं येत, मग फोनवर चार ओळी येत. लग्न झालं. मुलगी झाली. आई तिचं नाव विचारायची आणि दर वेळी विसरायची.

मग त्याच्या देशात लष्कराने सत्ता घेतली. लोक रस्त्यावर उतरले, मग डोंगरात गेले, आणि मग आपल्याच गावांवर विमानं पाठवायला सुरुवात झाली. दूरदर्शनवर एकदा जळलेला विहार दाखवला. आई खुर्चीत बसून बघत होती. नव्वदीला आली होती, पण नजर ठीक होती.

"हा मिनचा मुलूख ना रं?"

"हो."

"त्याला फोन कर. म्हणावं, विमानं आली की घरात बसू नको, बाहेर पळ." मग थोडा विचार करून ती स्वतःच म्हणाली, "पण त्याच्याकडं पण विमान हाय. त्यो उडून जाईल."

मी दूरदर्शन बंद केलं. रोज वंदना झाली की ती मिनसाठी, त्याच्या बायकोसाठी आणि नाव न आठवणाऱ्या मुलीसाठी हात जोडायची. वर्षभराने ती गेली, तो उडून गेला आहे अशा समजुतीत. तिच्या मरणाचं दुःख मला आहेच. पण तिला खरं कळलं नाही याचा मला जो दिलासा वाटतो, तो कोणत्या प्रकारचा आहे हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गेल्या वर्षी मिनचा फोन आला. दुपारची वेळ होती. खूप वर्षांनी आवाज ऐकला. तो हळू बोलत होता, मधे मधे थांबत होता.

"सर, आई कशी आहे?"

मी सांगितलं. त्याने पालीत दोन ओळी म्हटल्या. मग म्हणाला, "सर, मी बाहेर टाकतो."

"काय बाहेर टाकतोस?"

"गाव दाखवतात. मी शेतात टाकतो. नदीत टाकतो. दोन वर्षं तसंच केलं. आता ते वरून कॅमेऱ्याने बघतात. एक माणूस बसतो आणि मोजतो, सर. तुमच्यासारखा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला बोलावलं होतं," तो म्हणाला. "फाईल काढली. म्हणाले, भारतात तुझी सरासरी साडेएकोणतीस. शेवटचा बॉम्ब एकतीस. मग इथे तीनशे मीटर कसे चुकतोस? चुकतोस की चुकवतोस?" मग त्याने विचारलं, "सर, तो चौथा खरंच एकतीस होता? मी घाबरलो होतो. मला आठवतंय, मी लवकर सोडला होता. तो एकतीस नसेल, तर तुम्ही तसं लिहून द्या. मी कच्चा होतो म्हणून लिहा. भारताने चूक कबूल केली तर हे मला विमानातून काढतील, ऑफिसात बसवतील. लिहून द्याल, सर?"

हे सगळं मी नंतर अनेकदा उलगडून पाहिलं आहे. त्याने मला नेमकं काय विचारलं ते त्या क्षणीच समजलं होतं. मला सत्तरावं वर्ष लागलं आहे, माझ्या नावावर कोणताही डाग नाही, हा विचारही त्या क्षणी आला नव्हता, तो नंतर आला. त्या क्षणी फक्त तोंड उघडलं, आणि ज्या आवाजात एकोणीस वर्षं आकडे सांगितले त्याच आवाजात मी म्हणालो,

"एकतीसच होता, मिन."

"मग ठीक आहे, सर," तो म्हणाला. "थँक्यू, सर." आणि फोन बंद झाला.

मी हळू लिहिणारा माणूस आहे. त्या संध्याकाळपासून मी पत्र लिहायला बसलो. आधी स्वतःची समजूत घातली की अशा पत्राला तिकडे कोण विचारतो. मग वाटलं, उलट त्यालाच यातून धोका होईल. मग इंग्रजी नीट हवं म्हणून शब्दकोश काढला. दोऱ्याच्या ढिलेपणाबद्दल एक परिच्छेद लिहिला, चूक अनवधानाने झाली असं वाटावं म्हणून. तो खोडला. पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला. अकराव्या दिवशी खरं लिहून, सही करून, फोटो काढून त्याला पाठवलं. संदेशापुढे एक बरोबरची खूण उमटली. पोचल्याची दुसरी खूण आजपर्यंत उमटलेली नाही. फोन लागत नाही. त्याच्या पाच सोबत्यांपैकी एकाचा पत्ता मिळाला, त्याने उत्तर दिलं नाही.

तो तुरुंगात असेल. मेला असेल. पळून गेला असेल. किंवा त्या दुपारी फोन ठेवल्यावर त्याने ठरवलं असेल की आपण कधी कच्चे नव्हतोच, आणि दुसऱ्या दिवसापासून शेतं सोडून गावावर टाकायला लागला असेल. यातली शेवटची शक्यता मी रोज पुसतो आणि ती रोज तिथेच असते. त्या देशातल्या हल्ल्याची बातमी आली की मी मेलेल्यांचा आकडा वाचत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर आकडे वाचले, त्याला एवढंच करता येतं.

या वर्षी फेब्रुवारीत मी जुन्या तळाला रीतसर पत्र पाठवलं. अमुक वर्षी, अमुक परीक्षेत, चौथ्या बॉम्बचा आकडा मी जाणूनबुजून चुकीचा सांगितला, नोंद दुरुस्त करून त्या देशाला कळवावं. शिक्षेस तयार आहे, असंही लिहिलं. महिन्याभराने एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. मराठी निघाला, नागपूरचा.

"काका, पत्र वाचलं. ती रजिस्टरं नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट केली आहेत."

"त्याच्या प्रमाणपत्रावर आकडा आहे."

"ते त्यांच्याकडे. आपल्याकडे दुरुस्त करायला काहीच उरलेलं नाही. आणि आता सगळं कॅमेराच मोजतो, माणूस नसतोच तिथे." फार चांगला मुलगा होता. त्याला मला धीर द्यायचा होता. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यात तुमचं नाव कुठेच येत नाही."

मी त्याचे आभार मानले.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा आधी मी नाही म्हणालो होतो. मग वाटलं, छापलेलं पान निदान कोणी नियमाप्रमाणे नष्ट करणार नाही. हे वाचून त्याला कोणी ऑफिसात बसवणार नाही, हे मला कळतं. त्याच्या देशात मराठी कोणाला येत नाही. तरीही नोंद करतो. परीक्षेतला चौथा बॉम्ब, सहा वाजता, अठ्ठेचाळीस मीटर. वैमानिक नापास. मोजणारा मी होतो.